टेबलाची खालची बाजू

केमी गावात मार्च म्हणजे
दिवसा वितळलेला, रात्री पुन्हा धरलेला बर्फ
आणि त्यावर नगरपालिकेने पेरलेली खडी.
तरी मंगळवारी दहाच्या ठोक्याला
शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही नऊ जणी हजर.
खिळ्यांचे बूट दाराशी,
मुलांच्या उंचीच्या खुंट्यांवर
आमचे लांब कोट, जमिनीला टेकलेले.

शिकवणारा एएतू, वय सव्वीस.
रबरी पट्टे वाटतो: पिवळा सगळ्यांत सैल,
मग लाल, मग हिरवा.
काळा कपाटातच असतो
आणि हिल्क्का त्याच्याकडे बघते,
जशी मी एके काळी बंदरावरच्या मोठ्या क्रेनकडे बघायचे.
(मिळाली मला ती. एकोणीस वर्षं चालवली.
कागदाची रिळं, तीन-तीन टनांची, दोन बोटांनी.
आता दोन किलो वाळू घोट्याला बांधून
पाय उचलते, तर मांडी मेली थरथरते.)

खुर्चीवरून उठा. हात न लावता. बसा. सावकाश.
उठबस तर जन्मभर केली आम्ही,
पाहुण्यांची, पोरांची, अंथरुणाला खिळलेल्या सासूची.
कुणी मोजली नाही.
एएतू मोजतो. दहा झाल्या की म्हणतो,
अजून दोन.

मग एका पायावर.
एक बोट खुर्चीच्या पाठीला.
मग बोट उचलायचं.
मग, धीर असेल तर, डोळे मिटायचे.
मिटले की कळतं तळपायाला किती काम असतं,
अंगठा टाचेला काही सांगतोय, टाच गुडघ्याला,
जरा डावीकडे, नाही, मागे, मागे
आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसते
एक स्वस्थ उभी म्हातारी.

शेवटची दहा मिनिटं जमिनीची.
मुद्दाम खाली जायचं, आडवं व्हायचं,
परत उठायचं: कूस, कोपर, गुडघा,
खुर्चीला हात, पाय रोवून वर.
पहिल्या दिवशी इर्मेली म्हणाली,
पडतं घ्यायला आम्हाला काय शिकवतोस रे,
त्यात तर जन्म गेला.
सगळ्या हसल्या. राउहा नाही.

राउहा एक्याऐंशीची.
नोव्हेंबरात स्वयंपाकघरात पडली,
अकरा तास तशीच.
हाड एकही मोडलं नव्हतं,
फक्त उठता येईना.
मागाहून कॉफी ढवळत सांगितलं तिने:
आधी घाबरले. मग गारठले.
मग टेबलाच्या खालच्या बाजूकडे लक्ष गेलं.
तिथे मेणखडूने काढलेलं जहाज, निळं.
वर तीन माणसं, आणि एक कुत्रा
की मासा, नीट दिसेना.
पेक्काचं. पाच वर्षांचा असेल.
टेबलाखाली तासन्‌तास काय करतोस म्हणून ओरडायचे त्याला.
पन्नास वर्षं त्या टेबलावर जेवले,
पीठ मळलं, बिलं भरली,
त्याला पुरून आल्यावर कॉफीही तिथेच ओतली सगळ्यांना.
खालून कधी बघितलं नाही.

एवढंच बोलली.
मग विचारलं, बन उरलाय का कुणाकडे.

हिवाळाभर ती लाल पट्ट्यावर होती.
आज हिरवा मागितला.
घरी सोडायला गेले तिला, रस्ता निसरडा होता म्हणून,
कुणी कुणाला सोडलं ते सांगता यायचं नाही.
तिने कॉफीचं यंत्र लावलं
आणि म्हणाली, एक मिनिट हं.
खुर्ची धरून एक गुडघा, मग दुसरा, मग कूस,
आणि टेबलाखाली सरकली,
मोटारीखाली मेकॅनिक सरकतो तशी.
मी हात पुढे केला नाही.
कॉफी गळत राहिली.
खालून आवाज आला:
कुत्राच आहे गं. शेपूट आहे.

मग कोपर. गुडघा. पाय रोवला.
केसांत धूळ घेऊन वर आली,
तोंड लाल, श्वास फुललेला.
बघायचंय तुला?

डाव्या गुडघ्याची मला अजून खात्री नाही.
चष्मा काढून टेबलावर ठेवला,
पुन्हा घातला, नाहीतर दिसणार काय,
आणि खुर्ची जवळ ओढली.